मान घासून घासून सालं निघाली तरी काळं जाईना, शुगरचं लक्षण म्हणतात ते खरं काय?

वडगावचा_माग
सोमवार, रात्री 10:52

नमस्कार मंडळी. मोठ्या भावाचं विचारायचं होतं. वय 34, वजन 91, उंची साडेपाच फूट. आमचं वडगावात चार पॉवरलूमचं शेड हाय, सकाळी आठपासून तो मागावरच, म्हणजे उभं राहणं असतंय पण चालणं काय नसतंय. दोन वर्षं झाली मानेवर मागच्या बाजूला काळं पडलंय. आधी मळ वाटला, आई रोज ओरडायची मान नीट धूत नाहीस म्हणून, मग वजरी झाली, लिंबू झालं, सोडा झाला, बेसन-दही झालं, एकदा तुरटी पण फिरवली, सालं निघाली पण काळं हाय तसंच. हात फिरवला तर मखमलीगत जाड लागतंय. आता काखेत पण तसंच व्हायलंय आणि मानेवर बारीक बारीक चामखिळी लोंबूलालेत. गल्लीतल्या मेडिकलमधनं एक ट्यूब आणून दोन महिने लावली, सुरवातीला उजळल्यासारखं वाटलं, मग परत तेच.

खरा किस्सा पुढं हाय. गेल्या महिन्यात हुक्केरीकडं स्थळ बघायला गेलो, पोहे चहा सगळं झालं, मुलीचा मामा लॅबमध्ये कामाला, तो भावाला अंगणात बाजूला घेऊन म्हणतोय "शुगर कधी बघितलाय काय, मान बघून विचारूलालोय". आई परत येताना बेळगाव येईपर्यंत बसमध्ये धुमसत होती, पाहुण्यानं मान बघून रोग काढला म्हणून. तिकडनं नंतर फोन पण आला नाही.

तर मान काळी होणं आणि शुगर ह्याचा खरंच संबंध असतो काय? भावाला त्रास म्हणावा तर काय पण नाही, तहान नाही, सारखं लघवीला जाणं नाही. आमच्यात बाबांना शुगर हाय 14 वर्षं, पण त्यांची मान स्वच्छ हाय. बाबांना उलट रात्री अंगाला खाज सुटतेय, पाठ आणि पोटऱ्या खाजवून रक्त काढतात, पुरळ वगैरे काय नाही, थंडीनं म्हणतात ते. ते सोडा, भावाचं सांगा. स्किनवाल्याकडं जाऊ की शुगरवाल्याकडं?

टिळकवाडी_टवाळ
सोमवार, रात्री 11:10

मुलीचा मामा फुकट तपासणी करतोय आणि तुम्ही रागावताय होय. उष्णता असणार, सब्जा द्या आणि चांदीची चेन घालत असला तर काढा म्हणावं, माझ्या मेहुण्याचं चेन काढल्यावर गेलं होतं.

शहापूर_मेडिकल
सोमवार, रात्री 11:38

चेनमुळं पण काळं पडतंय पण ते चेनच्या रेषेत, काखेत चेन कुठली आली. ह्यानं लिहिलंय तसं मखमलीगत जाड, मान काख जांघ, वर चामखिळी, ह्याला अॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. माझं दुकान 17 वर्षं हाय, दिवसाला दोन तरी माना येतात काउंटरवर.

संबंध असा हाय की वजन वाढलं, पोट सुटलं की शरीर इन्सुलिनचं ऐकेना होतंय, मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडतंय. ते जादाचं इन्सुलिन रक्तातनं कातडीला पण पोचतंय आणि कातडीच्या पेशींना वाढा वाढा म्हणून सांगतंय, म्हणून तिथली कातडी जाड होते, घड्या पडतात, काळी दिसते. मळाचा काय संबंध नाही. घासून उलट आणखी जाड होते, चोळलेल्या जागेवर कातडी स्वतःला वाचवायला बघते. तर आईसाहेबांना सांगा वजरी ठेवा बाजूला.

दुसरं ट्यूबचं. लिहू की नको वाटत होतं पण लिहितो, आम्ही मेडिकलवाले पण ह्यात दोषी हाय. "सुरवातीला उजळलं मग परत तेच" म्हणजे बहुतेक स्टेरॉइडची मिक्स ट्यूब होती, स्टेरॉइड प्लस बुरशीचं प्लस अँटिबायोटिक, एकाच ट्यूबमध्ये भेळ. 2018 ला सरकारनं ही स्टेरॉइडवाली मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, पण गिऱ्हाईक तोंडानं नाव सांगून मागतंय आणि समोरचा देतोय. त्यानं कातडी पातळ होते, नायटा असला तर आणखी पसरतो आणि मग औषधाला लवकर दाद देत नाही.

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी, आणि उपाशीपोटी शुगर, दोनच टेस्ट करा. एचबीएवनसी 5.7 च्या खाली नॉर्मल, 5.7 ते 6.4 काठावर, 6.5 नि वर शुगर. सिव्हिलला नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात 30 च्या वरच्या माणसाची शुगर बीपी फुकट बघतात, तिथनं सुरवात केली तरी चालेल.

अनगोळ_अभियंता
मंगळवार, सकाळी 7:45

ह्या अशा सल्ल्यांनीच माणूस घाबरून आजारी पडतो. माझी मान दहा वर्षं काळी आहे, दरवर्षी कंपनीच्या चेकअपमध्ये शुगर नॉर्मल येते. प्रत्येक डागामागं रोग शोधायचा म्हटलं तर लॅबवाल्यांचंच भलं.

शहापूर_मेडिकल
मंगळवार, सकाळी 9:20

अहो साहेब, शुगर नॉर्मल येते कारण तुमचं स्वादुपिंड अजून ओढूलालंय. एका बैलाच्या ताकदीचं काम दोन बैल लावून करून घेतलं तरी शेत वेळेत नांगरून होतंयच की, बांधावरनं बघणाऱ्याला काय कळणार. ही मान शुगर वाढायच्या आधी काही वर्षं दिसू शकते. आणि सगळ्यांना शुगर होणारच असं पण मी म्हटलं नाही, काही जणांत हे घराण्यात असतं, काही गोळ्यांनी पण होतं. कंबर मोजून बघा तेवढं.

हाऊसमन_रात्रपाळी
मंगळवार, पहाटे 3:15 ला वाचलं, आता लिहितोय

एवढंच जोडतो. 34 वर्षांचा, वजन जास्त, हळूहळू दोन वर्षांत झालंय, तर वरचं सगळं बरोबर. पण हेच एखाद्या साठीच्या बारीक माणसाला दोन-तीन महिन्यांत झपाट्यानं आलं, तळहात पण जाड खरखरीत झाले, जेवण जात नाही, वजन उतरतंय, तर तिथं शुगर बघत बसायचं नाही, पोटाची दुर्बीण करायची. दुर्मिळ आहे पण जठराचा कॅन्सर असा दिसू शकतो. बायकांत मान काळी, हनुवटीवर केस आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएस, म्हणजे अंडाशय आणि हार्मोनचा बिघाड. संपली ड्युटी, झोपतो.

रिटायर्ड_सिस्टर_खानापूर
मंगळवार, सकाळी 10:30

बाळा, भावाच्या मानेचं सांगणाऱ्यांनी बरोबर सांगितलंय, ती मान काही पळून जात नाही. मला तुझ्या शेवटच्या चार ओळी वाचून झोप लागली नाही. "ते सोडा" म्हणालास ना, तेच धर.

14 वर्षांची शुगर, पुरळ नाही नि रात्री खाज, तीही रक्त निघेपर्यंत. ही थंडी नव्हे. थंडीनं कातडी कोरडी पडून खाज येते हे खरं, म्हाताऱ्यांना हमखास येते, पण तेल लावलं की दोन-चार दिवसांत बरं वाटायला पाहिजे. पुरळ नसताना खाज येते तेव्हा आधी आतलं बघायचं असं आम्हाला शिकवलं होतं. किडनी, लिव्हर, थायरॉइड, रक्त कमी असणं, कधी रक्ताचेच काही आजार. तू मला एवढं सांग, उगीच घाबरवायला विचारत नाही:

पाय संध्याकाळी सुजतात का, मोजा काढला की वळ राहतो का? लघवीला फेस येतो का, धुण्याच्या पावडरीसारखा, उभा राहणारा? लघवी गडद पिवळी आणि शौचाला पांढरट असं तर होत नाही ना, म्हणजे पित्त अडलंय का ते कळेल. गुडघेदुखीची, अंगदुखीची गोळी रोज घेतात का? आणि शेवटचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ताची टेस्ट, कधी बघितलं? फास्टिंग-पीपी नको सांगूस, क्रिएटिनिन.

वडगावचा_माग
मंगळवार, दुपारी 1:05

आक्का, जेवायच्या सुट्टीत लिहूलालोय. बाबांना विचारलं, पहिल्यांदा "काय नाही रे" म्हणाले, मग आईनंच सांगितलं. पाय सुजतात, दोन-तीन महिने झाले, चप्पल लागेना झाले म्हणून मोठ्या मापाची घेतली, आम्हाला कुणाला सांगितलं नाही. फेस येतोय म्हणे, त्यांना वाटलं फिनेल जास्त पडलंय. शौचाचा रंग नेहमीचाच. गुडघ्याची गोळी दोन वर्षं रोज रात्री एक, कधी दोन, सांगून आणतात मेडिकलमधनं. क्रिएटिनिन कधी केलंय काय माहीत नाही, फाईलमध्ये नुसते फास्टिंग-पीपीचे कागद हायत.

पण एक विचारू काय, ह्या वर्षी तर बाबांची शुगर उलट चांगली येऊलाले. आधी 200 च्या खाली यायची नाही, आता 110, 120. दोनदा पहाटे घाम फुटून थरथर पण झाली, साखर दिली तर बरं वाटलं. आम्ही म्हटलं पथ्य लागू पडलं.

रिटायर्ड_सिस्टर_खानापूर
मंगळवार, दुपारी 1:22

पथ्य नव्हे रे बाळा. किडनी थकली की इन्सुलिन आणि शुगरच्या काही गोळ्या शरीरातनं बाहेर पडायला वेळ लावतात, तेवढाच डोस जास्त वेळ काम करत बसतो, म्हणून शुगर आपोआप खाली येते. घरचे खूष होतात. मी हे किती घरांत बघितलंय. पहाटेचा घाम म्हणजे शुगर खाली जाणं.

आज क्रिएटिनिन, युरिया, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, आणि लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रोटीन जातंय का ते. उद्यावर टाकू नका. गुडघ्याची गोळी आजपासून बंद, तिच्याबद्दल कुणाला विचारायची गरज नाही, ती किडनीवर घाव घालते. शुगरच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, नेहमीच्या डॉक्टरांना पहाटेच्या घामाचं आजच फोनवर सांगा, ते ठरवतील. दरम्यान खाजेसाठी साबण कमी, पाणी कोमट, अंघोळ झाल्या झाल्या ओल्या अंगावर खोबरेल तेल. नखं कापून टाका त्यांची.

निपाणीची_लेक
मंगळवार, रात्री 9:40

विषय निघालाच हाय तर आमचं पण सांगते. माझ्या बहिणीला 24 व्या वर्षी दोन्ही गालांवर लाल चट्टा आला, नाकावरनं आडवा, उन्हात गेली की भडकायचा. शेजारणी म्हणाल्या वांग हाय. इथल्या एका पार्लरवालीनं क्रीम दिलं, एका डॉक्टरनं पण बघून वांगच म्हटलं, नऊ महिने तसेच गेले. तिची बोटं सकाळी आखडायची, केस मुठीनं जायचे, तोंड यायचं, ताप बारीक असायचा, पण हे सगळं वेगवेगळं वाटायचं ओ, केसाला केसाचं तेल, तोंडाला तोंडाचा जेल, गालाला गालाचं क्रीम. कुणी एका कागदावर सगळं लिहिलंच नाही.

शेवटी मिरजेला नेलं तर तिथल्या डॉक्टरनं पहिल्यांदा गालाकडं नाही बघितलं, लघवी तपासायला सांगितली, प्रोटीन जात होतं. एएनए म्हणून रक्ताची टेस्ट असते ती पॉझिटिव्ह, ल्युपस. म्हणजे शरीराची सैन्यं आपल्याच घरावर चालून येतात तसलं. त्यांनी दाखवलं की वांग तपकिरी असतं, हे लाल होतं, आणि नाकाच्या कडेनं ओठाकडं जी घडी येते तेवढी जागा मोकळी सोडून चट्टा बसलेला. ते बघितल्यावर मला एवढा राग आला, आम्ही रोज तो चेहरा बघत होतो की. आता हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू हाय, त्यासाठी डोळे तपासावे लागतात, उन्हात छत्री, आणि किडनीचं औषध वेगळं. बरी हाय, डीएड करूलाले.

चिकोडी_शाकाहारी
बुधवार, सकाळी 6:55

माझं वेगळंच. बोटांच्या पेरांवर काळं, दोन्ही हाताच्या, जणू वीटभट्टीवर काम करतोय. जीभ लाल गुळगुळीत, तिखट लागेना, पायाला मुंग्या. आमच्यात कांदा लसूण पण नाही, अंडं तर दूरच, आणि मला दूध पचत नाही म्हणून तेही बंद केलेलं. बी12 एकदम तळाला गेलेलं निघालं. इंजेक्शनं घेतली, मुंग्या आधी गेल्या, पेरं उजळायला चार-पाच महिने लागले. मला पण आधी मेडिकलमधनं ट्यूबच दिली होती, शहापूरवाले अण्णा राग मानू नका.

शहापूर_मेडिकल
बुधवार, सकाळी 9:05

राग कसला, खरंच हाय ते. शाकाहारी माणसानं पेरं काळी झाली तर बी12 बघावंच. फक्त अंगावर सगळीकडं काळं पडूलालंय, हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुन्या जखमेचे वण, आणि अशक्तपणा, बीपी खाली, मिठाची आवड वाढली, तर ते अॅड्रिनल ग्रंथीचं असू शकतं, अॅडिसनचा आजार. लंडनच्या थॉमस अॅडिसननं 1855 ला लिहिलंय ते, त्या काळात बऱ्याच जणांत टीबीनं ती ग्रंथी खाल्लेली असायची, आपल्याकडं टीबी अजून हाय म्हणून लक्षात ठेवायचं. तिथं बी12 ची इंजेक्शनं मारत बसून चालत नाही.

टिळकवाडी_टवाळ
बुधवार, सकाळी 9:30

आता मी आरशात बघायचं बंद केलंय. माझ्या दंडावर एक फिकट डाग हाय, खाजत नाही दुखत नाही, तेवढं तरी सोडा मला.

रिटायर्ड_सिस्टर_खानापूर
बुधवार, सकाळी 11:15

नाही सोडत. डोळे मिटून बस, घरातल्या कुणाला तरी कापसाची वात त्या डागावर टेकवायला सांग आणि मग बाजूच्या चांगल्या कातडीवर. डागावर कळत नसेल तर सरकारी दवाखान्यात जा. खाजत नाही दुखत नाही म्हणूनच लोक कुष्ठाचा डाग वर्षानुवर्षं अंगावर काढतात, नसा गेल्या, बोटं वाकडी झाली की मग येतात. मी सबसेंटरला असताना एक बाई चुलीवर हात भाजून आली, भाजल्याचं तिला कळलंच नव्हतं, दंडावर डाग होता जुना. औषध फुकट आहे, डाग थोडे असतील तर 6 महिने, जास्त असतील तर 12, आणि गोळ्या सुरू झाल्या की त्याच्यापासून दुसऱ्याला होत नाही. भांडी वेगळी करायची गरज नाही, हे मुद्दाम लिहिते कारण ते अजून चालतं. डागावर नीट कळत असेल तर शिबं असेल नाहीतर दुसरं काही, सावकाश दाखव.

टिळकवाडी_टवाळ
बुधवार, सकाळी 11:40

कळतंय. बायकोनं वातीच्या जागी सुई घेतली होती.

वडगावचा_माग
रविवार, रात्री 9:15

मंडळी, उशीर झाला, धावपळ होती. बाबांचं क्रिएटिनिन 3.1 आलं. कागदावर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, 22 लिहिलंय. लघवीत अल्ब्युमिन भरपूर, हिमोग्लोबिन 9.2, पोटॅशियम तेवढं बरं हाय. किडनीच्या डॉक्टरांना दाखवलं, चौथी पायरी म्हणाले, डायलिसिस आत्ता नाही, पण आणखी वर्षभर असंच गेलं असतं तर सरळ इमर्जन्सीत आला असता म्हणाले. मेटफॉर्मिन बंद केलं, ईजीएफआर 30 च्या खाली असला तर ते देत नाहीत म्हणे, दुसऱ्या गोळीचा डोस एकदम कमी केला, आणि खाजेसाठी झोपताना एक लहान डोसची गोळी दिली, नसांवर काम करते म्हणाले, चार रात्री झाल्या बाबा सलग झोपलेत. आधी आम्ही देत होतो ती सर्दीची गोळी ह्या खाजेला विशेष चालत नाही म्हणे. फॉर्म सगळा कन्नडमध्ये होता, भावानं भरला, माझं कन्नड अजून बाजारापुरतंच.

भावाचं एचबीएवनसी 6.1, उपाशीपोटी 112. काठावर. डॉक्टरांनी गोळी नाही दिली, सहा किलो कमी करा, रोज अर्धा तास चाला, तीन महिन्यांनी परत या म्हटलं. अमेरिकेत 2002 साली एक मोठा अभ्यास आला होता म्हणे, काठावरच्या लोकांनी वजन सात टक्के उतरवलं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालले तर शुगर होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. मान उजळेल काय विचारलं तर म्हणाले वजन उतरलं तर हळूहळू उजळते, क्रीमनं फार काय होत नाही. भाऊ आता पहाटे रेसकोर्सपर्यंत जातोय, पहिल्या दिवशी येताना कुंदा घेऊन आला, आईनं दारातच काढून घेतला.

आक्का, तुम्ही ते चार ओळींचं धरलं नसतं तर आम्ही अजून मानच घासत बसलो असतो. बाबांच्या जेवणाचं काय ते डाएटवाल्या बाई बुधवारी सांगणार हायत.

रिटायर्ड_सिस्टर_खानापूर
रविवार, रात्री 9:50

बरं केलंस. बुधवारपर्यंत लोणचं पापड बंद, आणि कुणी सांगितलं म्हणून नारळपाणी, कसले कसले काढे देऊ नका, पोटॅशियम चढतं. फाईलवर मोठ्या अक्षरात क्रिएटिनिन 3.1 लिहून ठेव, दात काढायला गेले तरी ती फाईल सोबत न्यायची, नाहीतर कुणीतरी परत दुखण्याची गोळी लिहून देईल. आणि तुझं वय किती? बाबांना आहे, भावाला काठावर आहे, तू स्वतःची केलीस का?

वडगावचा_माग
रविवार, रात्री 10:04

29. केली नाही अजून. मान गोरी हाय म्हणून.

बरं उद्या करतो. आई विचारूलाले वजरी आता न्हाणीत ठेवू की टाकून देऊ, टाचेला तरी होईल म्हणते.

रिटायर्ड_सिस्टर_खानापूर
रविवार, रात्री 10:11

तिच्या टाचेला ठेव. बाबांच्या पायाला लावायची नाही, शुगरवाल्याला टाच सोलवटलेली कळत नाही.